फाटकापर्यंतची वाट

आधी क्षमा मागतो. आमच्या घरात लिहिणं म्हणजे मामाला खुशालीचं कार्ड टाकणं. ते काम शाळेत जाणारा एकुलता एक पोरगा म्हणून माझ्याकडे यायचं आणि मजकूरही ठरलेला असायचा. इकडे सर्व ठीक, तिकडील कळवावे. त्यापलीकडे मनाचं असं मी कधी काही लिहिलेलं नाही. तेव्हा माझ्यासारख्याने त्यांच्यासारख्या माणसाविषयी लिहायला बसणं हे जरा अतीच आहे, याची मला जाणीव आहे. त्यांच्या खात्यात त्यांच्या बरोबरीचे पुष्कळ लोक असतील, त्यांनी लिहायला हवं होतं. पण गेल्या महिन्यात एक बातमी कळली आणि तेव्हापासून पुस्तक उघडलं तरी लक्ष लागत नाही. म्हणून लिहितो. कमीजास्त झालं तर सांभाळून घ्यावं.

मी नगरला कॉलेजात गेलो तेव्हा जवळच भिंगारला त्यांच्या घराच्या बाजूची एक खोली मला मिळाली. ते रस्ते खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले. गल्लीतले लोक त्यांना साहेब म्हणत. मी काका म्हणू लागलो, कारण पहिल्या दिवशी मी ‘साहेब’ म्हटल्यावर ते मागे वळून कोण आलंय ते पाहू लागले. त्यांच्या पत्नी त्या काकू. मूलबाळ नव्हतं.

घर गल्लीपेक्षा खाली होतं. फाटकातून आत आलं की अंगण उतरत उतरत ओट्यापर्यंत जायचं. अंगण म्हणायचं ते सवयीने. खरं तर ती नुसती उघडी माती होती. फाटकापासून दारापर्यंत धड वाट नाही, एक झाड नाही, तुळशीसुद्धा ओट्यावर डब्यात. जिल्हाभर रस्ते बांधलेल्या माणसाच्या दारात ही अवस्था पाहून मला पहिल्यांदा नवल वाटलं. त्याहून नवल म्हणजे मागच्या भिंतीला टेकवून शहाबादी फरश्यांची मोठी चळत उभी होती. चांगल्या, घासलेल्या फरश्या. पण सगळ्यांची तोंडं भिंतीकडे.

मी एकदा भीत भीत विचारलं, की काका, या फरश्या अंगणात का लावत नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की पुढे दोन आठवडे मी त्या बाजूला गेलो नाही.

त्यांची रीत वेगळी होती. कुणाच्या घरी गेले तर ते आधी माणसांकडे बघत नसत, उंबऱ्याकडे बघत. उंबऱ्याजवळ ओल दिसली की चहा येईपर्यंत बाहेर जाऊन घराला फेरी मारत आणि आत येऊन सांगत, तुमचं न्हाणीचं पाणी चुकीच्या बाजूला जातंय. सांगून थांबत नसत. पुढच्या रविवारी फावडं घेऊन जात, चर काढून देत आणि चराच्या तोंडाशी कर्दळीचे कंद लावून येत. भिंगारमध्ये ज्या ज्या घरामागे कर्दळ आहे, तिथे काका एकदा तरी चहाला गेलेले आहेत असं समजायला हरकत नाही.

एकदा त्यांच्याबरोबर एसटीने श्रीरामपूरला जाण्याचा योग आला. राहुरीच्या पुढे गाडी गेल्यावर ते मधूनच उभे राहायचे, जरा थांबायचे आणि बसायचे. मला वाटलं पाय आखडले असतील. मग लक्षात आलं, की रस्त्याखालून पाणी काढून देणारी एखादी मोरी आली की ते उठतात. त्यातल्या बऱ्याच त्यांनी बांधलेल्या होत्या. पण ज्या दुसऱ्यांनी बांधल्या त्यांच्यासाठीही ते उठत. कंडक्टरने वैतागून विचारलं, बाबा, उतरायचंय का? काका म्हणाले, “नाही. खालून कुणीतरी चाललंय, त्याला वाट दिली पाहिजे.” कंडक्टरने माझ्याकडे पाहून कपाळाशी बोट फिरवलं. मला मात्र त्या दिवसापासून कुठलीही मोरी आली की बसून राहणं अवघड वाटतं.

मी राहायला गेल्यावर काही दिवसांनी त्यांनी अंगणात राख पसरायला सुरुवात केली. काकूंच्या चुलीतली राख चाळून ते संध्याकाळी सगळ्या अंगणभर बारीक थर देत आणि सकाळी उकिडवे बसून त्यावरची पावलं बघत. दूधवाला कसा आला, पेपरवाला कुठे वळला, मांजर कुठून गेलं. काकू ओट्यावरून म्हणत, “ज्योतिषी हात बघतात, आमचे हे पाय बघतात. दक्षिणा मात्र कुणी देत नाही.”

वाट आखायची तर आधी माणसं आपण होऊन कुठून चालतात ते बघायचं, हे त्यांचं पहिलं कलम होतं. आपण सरळ रेघ मारतो आणि मग लोक गवत तुडवत जातात म्हणून ओरडतो. चूक रेघेची असते.

एके सकाळी मी कॉलेजला निघालो तर त्यांनी हाक मारून मला खाली बसवलं आणि राखेवरचे ठसे दाखवले. सगळ्यांची पावलं अंगणाच्या मधून कुठून कुठून गेली होती. एकच रांग कुंपणाच्या भिंतीला चिकटून, लांबचा वळसा घेऊन माझ्या खोलीपर्यंत आली होती. ती माझी होती. मला स्वतःला हे ठाऊक नव्हतं.

“कडेने का चालतोस?” त्यांनी विचारलं.

आमच्या गावी मोठ्यांच्या दारासमोरून जाताना आम्ही असेच जात असू, एवढंच आठवलं. ते मी बोललो नाही. पण ते बराच वेळ ठसे पाहत राहिले आणि म्हणाले, “वाट रुंद करावी लागेल. कुणालाच कडेला जावं लागू नये इतकी.” आणि खिशातल्या खडूने ओट्याच्या कडेवर एक खूण केली. माझ्या पायांची दखल घेऊन कुणी काही मोजलं, असं माझ्या आयुष्यात त्याआधी झालेलं नव्हतं. त्या दिवशी वर्गात काय शिकवलं ते मला आठवत नाही.

त्यांचं दुसरं कलम पाण्याचं होतं, आणि सगळं तिथेच अडलं होतं. पायांची वाट कळली, पण पाण्याची कळल्याशिवाय एक दगड बसवायचा नाही. त्यासाठी एक चांगला, अंगण भरून वाहणारा पाऊस बघायला हवा. “पाण्याला नकाशा वाचता येत नाही,” ते म्हणत. “आपणच त्याचा वाचायचा.” पण ते बहात्तर साल होतं. आदल्या वर्षी पाऊस कमी, त्या वर्षी जवळजवळ नाहीच. आमच्याकडे पाथर्डीच्या बाजूला विहिरी आटल्या, माझे आईवडील खडी फोडायच्या कामावर जाऊ लागले. आणि काका खुंट्यांची जुडी आणि सुतळीचा गुंडा ओट्यावर ठेवून आभाळाकडे बघत बसलेले असत. शेजारीपाजारी हसत. पाऊस नाही म्हणून पीक थांबतं हे ठाऊक होतं, अंगणातली वाट थांबलेली कुणी पाहिली नव्हती.

ती कुणासाठी थांबली आहे हे मला काकूंकडून कळलं.

काकू घरात काठी घेऊन वावरत. एक पाय आखूड पडायचा. ओट्याच्या कडेपर्यंत येत, तिथे खांबाला धरून उभ्या राहत आणि गल्लीतल्या बायकांशी तिथूनच मोठ्याने बोलत. खाली कधी उतरत नसत. एका दुपारी त्या ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या आणि मी पाणी भरून आलो होतो. त्या म्हणाल्या, बस जरा. आणि भिंतीकडे तोंड करून ठेवलेल्या फरश्यांची हकीकत त्यांनी मला सांगितली.

निवृत्तीच्या आधी काकांचे मोठे साहेब घरी जेवायला यायचे होते. जीप दारापर्यंत आली पाहिजे म्हणून काकांनी फाटकापासून ओट्यापर्यंत सरळ रेघेत शहाबादी फरशी बसवली. उतार असा, की चाक अलगद खाली यावं. जीप आली, साहेबांनी वाखाणणी केली, फोटोसुद्धा निघाला. मग आषाढात एक सर आली. गल्लीचं सगळं पाणी त्या गुळगुळीत फरशीवरून सरळ उंबऱ्याशी आलं. काकू शेजारी ताक द्यायला निघाल्या होत्या. पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं आणि जुळलं ते वाकडं. त्या इस्पितळातून घरी आल्या तेव्हा अंगणात एकही फरशी नव्हती. काकांनी एकट्याने सगळ्या उपटून मागे नेऊन ठेवल्या होत्या.

“चाकांचा उतार दिला, पायांचा दिला नाही, एवढं एकच वाक्य बोलले माझ्याशी त्यावर,” काकू म्हणाल्या. “तेव्हापासून मी फाटक पाहिलेलं नाही जवळून. खुर्चीत बसवून नेतो म्हणाले, मी नाही म्हटलं. मी काय देव आहे पालखीतून मिरवायला? स्वतःच्या पायाने जाईन नाहीतर बसेन इथेच.”

मी म्हणालो, काकांना फार लागलेलं दिसतं.

त्यांनी सुपातला खडा बाजूला टाकला. “मी पडले ती उठले रे. हे अजून उठायचे आहेत.”

पण त्यांच्या तोंडावर त्या असं काही म्हणत नसत. तिथे टोमणाच असे. जिल्ह्यातल्या गावागावाला रस्त्यावर नेऊन सोडलं, बायकोला तेवढं फाटकापर्यंत नेता येईना. काका ऐकून घेत. त्या वाक्यावर त्यांना हसताना मी कधी पाहिलं नाही, चिडतानाही नाही.

त्र्याहत्तरचा उन्हाळा लागला तेव्हा गल्लीत पाण्याचा टँकर येऊ लागला. बायका पहाटेपासून हंड्यांची रांग लावत. एक दिवस टँकर मागे घेताना त्याचा पाठचा भाग काकांच्या फाटकाच्या खांबाला जोरात बसला आणि मागचा नळ मुळासकट तुटला. पाण्याचा हा एवढा जाड लोट. गल्लीपेक्षा अंगण खाली, त्यामुळे तो सगळा फाटकातून आत.

गल्ली धावली. कुणी हंडा लावतंय, कुणी बोळा कोंबतंय, ड्रायव्हर डोक्याला हात लावून उभा. मी बादली घेऊन पळालो. आणि काका उलट्या दिशेने, ओट्यावरून खुंट्यांची जुडी आणि हातोडी घेऊन, धोतर वर खोचून, अनवाणी त्या पाण्याच्या मागे निघाले. पाणी वळलं की तिथे खुंटी, थबकलं की तिथे खुंटी. बायका हंडे-कळशा घेऊन आत शिरल्या तशी त्यांनी दोन्ही हात पसरले आणि म्हणाले, थांबा, पाणी तुडवू नका.

आता भांडण होणार हे मला कळलं. रांगेत तासन्‌तास उभ्या राहिलेल्या बायका त्या. शेजारच्या सखूबाई, ज्यांचे मालक लष्कराच्या डेपोत कामाला होते, त्या सगळ्यांच्या पुढे होत्या आणि त्यांचं तोंड उघडलेलंच होतं. तेवढ्यात ओट्यावरून काकूंचा आवाज आला.

“बायांनो, भरा तुम्ही. यांचं ऐकू नका. जिथं दिसेल तिथं बसा आणि वाटीने भरा. मातीचं असलं तरी निवळेल.”

काकांनी पसरलेले हात खाली घेतले. बायका अंगणभर पसरल्या. लोट ओसरल्यावर जिथे जिथे खळग्यात पाणी साठलं होतं तिथे एकेक जण बसली आणि वाटीने, तांब्याने कळशीत भरू लागली. काका मध्ये उभे राहून बघत होते. मग त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं, की मी बादली खाली ठेवली.

“कुणी जागची हलू नका,” ते अगदी हळू म्हणाले.

आणि एकेकीजवळ जाऊन, तिच्या शेजारी खुंटी ठोकत ते निघाले. जिथे बाई, तिथे साठतं पाणी. ज्या पावसाची त्यांनी इतकी वाट पाहिली, तो त्यांना काय दाखवणार होता ते गल्लीतल्या बायका बसून दाखवत होत्या. त्यांचं पाणी भरणं चाललेलंच होतं, त्यात त्यांनी कुणाला अडवलं नाही. सखूबाईंच्या पदराशी खुंटी ठोकली तेव्हा त्या म्हणाल्या, “सायेब, मला काय बाभळीवानी लावताय व्हय हितं?”

“बाभूळ नाही,” काका म्हणाले. “इथे कडुनिंब येईल. तुमच्या नावाचा.”

“मंग जरा सावलीचा लावा. मला ऊन लई लागतं.”

सगळ्या हसल्या. काकूसुद्धा. पाणी संपलं, बायका उठून गेल्या आणि अंगणात ठिकठिकाणी खुंट्या राहिल्या. काकांनी मला ओट्यावर काकूंच्या शेजारी उभं केलं आणि विचारलं, काय दिसतं? मला खुंट्या दिसत होत्या. त्यांनी सुतळीचं टोक फाटकाच्या खांबाला बांधलं आणि गुंडा सोडत चालू लागले. जिथे एकही बाई बसली नव्हती तिथून. फाटकातून निघाले, थोडे पूर्वेला गेले, मग पाठीच्या कण्यासारखा जो एक उंचवटा अंगणात होता आणि जो आम्हाला कुणालाच आजवर दिसला नव्हता, त्याच्यावरून मोठं वळण घेत ओट्याशी आले. सुतळी पडली तशी वाट. मी होतो तिथेच उभा राहिलो. देवळात उभं राहावं तसा, असं लिहिलं तर वाचणाऱ्यांना जास्त वाटेल, पण मला तसंच वाटलं होतं.

पुढचे दिवस मी परीक्षेचा अभ्यास आणि वाटेचं काम दोन्ही केलं. मातीवर जाड मुरूम, तो जड धुमसाने ठोकायचा, वर बारीक खडी, पुन्हा ठोकायची. मधली पाठ किंचित उंच, म्हणजे पाणी दोन्ही कडांना उतरेल. कडांना उथळ चर, ते चर बायकांच्या खुंट्यांपर्यंत, आणि खुंट्यांच्या जागी झाडांसाठी आळी. कडुनिंब, शेवगा, पारिजातक, न्हाणीच्या पाण्यावर कर्दळ. रोपं पावसानंतर. भिंतीपासून किती लांब लावायचं तेही ठरलेलं, मुळं उद्या पायाला भिडू नयेत म्हणून. काटेरी काहीही नाही. वळणाच्या जागी बसता येईल असा एक रुंद दगड. खडबडीत, घासलेला नाही. काका दर थोड्या अंतराला एक पाय आखडून, काठी टेकत चालून बघायचे. गल्लीतली पोरं नक्कल करतात असं म्हणून हसायची. ती नक्कल नव्हती हे मला ठाऊक होतं. काकू ओट्यावरून बघत आणि मान दुसरीकडे वळवत.

माझा शेवटचा पेपर झाला त्या दिवशी वाट पुरी झाली होती. संध्याकाळी काका ओट्याच्या पायरीशी उभे राहिले. हात पुढे केला नाही, फक्त बाजूला झाले. काकू खांबाला धरून उभ्या होत्या. त्यांनी वाटेकडे बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आता उतरतात.

“हिला अजून पावसाने पाहिलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “टँकरच्या पाण्यावर मी पाय टाकायची नाही.”

मला फार वाईट वाटलं. इतक्या कष्टांनंतर. पण काकांनी मान डोलावली, एखाद्या वरिष्ठापुढे डोलवावी तशी. “बरोबर आहे,” ते म्हणाले. “चाचणीशिवाय रस्ता खुला करत नाहीत.” आणि फाटकाच्या बाजूने दोन दगड लावून वाट बंद केली. आम्ही सगळे पुन्हा मातीतून जाऊ लागलो.

त्या वर्षी मला नगरला राहणं जमण्यासारखं नव्हतं. मामा श्रीरामपूरला साखर कारखान्यात होते, त्यांच्याकडे राहून तिथल्या कॉलेजात जायचं ठरलं. निघताना पाया पडलो तर काका म्हणाले, मधून चाल. काकूंनी हातावर दही दिलं. त्यानंतर भिंगारला जाणं झालं नाही. पावसाळा चांगला झाला, इकडे आम्ही सुखावलो, आणि प्रत्येक मोठ्या सरीला माझ्या मनात यायचं की आता तिकडे काय झालं असेल. पण विचारणार कुणाला?

गेल्या महिन्यात श्रीरामपूरच्या स्टँडवर मला सखूबाई भेटल्या. भाचीच्या लग्नाला आल्या होत्या. मी ओळख दिली तशा त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि पहिलं वाक्य बोलल्या ते हे, की सायेब गेले. थंडीत छातीत कळ आली, दोन दिवसांत गेले. कुणाला कळवायचंही सुचलं नाही.

मला एकच विचारायचं होतं आणि ते अशा वेळी विचारावं की नाही कळत नव्हतं. शेवटी विचारलं, काकू खाली उतरल्या का.

“व्हय तर,” त्या म्हणाल्या. पावसाळ्यात एका रात्री खूप पाऊस झाला. सकाळी साहेब ओट्यावर बसून होते. पाणी सगळं आळ्यांत गेलेलं, वाट वर कोरडी. काकू कुणाला न सांगता उतरल्या. साहेबांनी तोंड फिरवलं, भिंतीकडे बघत बसले. काकू वळणावरच्या दगडावर टेकल्या, उठल्या, पण त्या दिवशी फाटकापर्यंत गेल्या नाहीत, तिथूनच माघारी आल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच. फाटक काही गाठलं नाही. साहेब म्हणायचे, तिची घाई नाही, रस्ता कुठं पळून जातोय.

“आन्‌ मग?” मी विचारलं. माझ्याही तोंडात गावाकडची बोली आली होती.

सखूबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

“सायेबांना उचललं तवा चौघांचे हात गुंतल्याले. फाटक बंदच राहिल्यालं, कुनाच्या ध्यानात न्हाई. मानसं अडली म्होरं. तर काकू काठी टेकीत मधनं गेल्या, कुनाला हात लावू दिला न्हाई. आन्‌ फाटक त्यांनी उघाडलं.”